चष्मेवाला आणि त्याची लेक

सोमवार, ४ मार्च
फोन काढून घेतला! माझ्या हत्यारांच्या पेटीत, रंध्याखाली ठेवलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "महिनाभर दूर ठेवा. दुसऱ्यांचं हसणं बघून झुरतेय पोरगी." पंधरा वर्षांची पोर — झोप नाही, अन्नावर वासना नाही, आरशासमोर उभी राहून रडते. फोन हातात देताना एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्हाला नाही कळायचं."

मंगळवार, ५ मार्च
काय बघत होती ते तरी कळावं, म्हणून उघडला. उघडायचा आकडा तिनेच सांगितला होता. वर्गातल्या मैत्रिणीचा व्हिडिओ. मैत्रीण आणि तिचा बाप — चौकातला चष्मेवाला. ती त्याच्या नाकावर एकेक चष्मा चढवते, तो तोंडं वेडीवाकडी करतो, दोघं हसून हसून वाकतात. चार हजार लोकांना आवडलं!
माझी पोर माझ्यासमोर शेवटची कधी हसली?

शुक्रवार, ८ मार्च
आजही पाहिलं. बापलेक नाचले. चष्मेवाल्याला नाचता येतं! मला साधी टाळी तालात वाजवता येत नाही.
'मत्सर करू नये' — गावच्या शाळेत गुरुजींनी शंभर वेळा लिहून घेतलं होतं. अक्षर सुधारलं. बाकी कोरडाच राहिलो.

रविवार, १० मार्च
जपाला बसलो. मन लागेना. मण्यावरचं बोट काचेवर फिरावं तसं वर वर सरकतं. देवा, क्षमा कर — पण त्याला दिलंस ते मला का नाही?

बुधवार, १३ मार्च
दवाखान्यात दीड तास. रात्रभर जागलेली पोर बाकावर माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली. हाताला मुंग्या आल्या, हलताही येईना. डोक्यात एकच — चष्मेवाल्याने आज नवीन काय टाकलं असेल!

शनिवार, १६ मार्च
गिऱ्हाइकाचं दार दोन सूत जास्त तासलं. लक्षच नव्हतं. ही म्हणाली, "फोन काढला पोरीचा, आणि रोग लागला तुम्हाला!" पेटीला कुलूप घातलं, किल्ली हिच्याकडे दिली.
पोरीला म्हटलं, "कळलं गं थोडं."
"किती?"
"दोन सूत."
ओठ जरा हलले तिचे. बहुतेक.

बुधवार, २० मार्च
दवाखान्यात समोरच्या बाकावर — चष्मेवाला! त्याची लेक आत डॉक्टरीणबाईंकडे. माझ्या खांद्यावर झोपलेल्या पोरीकडे तो कितीतरी वेळ बघत होता. मग हळूच म्हणाला, "गेल्या बुधवारीही पाहिलं तुम्हा दोघांना. खरं सांगू? पोटात दुखलं. माझी लेक कॅमेरा सुरू असेपर्यंतच जवळ येते."