भट्टीचा टक्

३ जून

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बेकरीच्या ज्या भट्टीचं पॅनल तुम्ही निवृत्त होईपर्यंत सांभाळलंत, ते काल मी बदललं. रागावू नका. भट्टीची वीज चालू-बंद करणाऱ्या तुमच्या रिलेत पट्टी हलायची, ठिणगी पडायची, टोकं झिजायची. नव्या सेमीकंडक्टर रिलेत हलणारं काहीच नाही, त्यामुळे आवाजही नाही. साहेब खूश होते. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे याच महिन्यात ठरणार आहे.

पण घात झाला. भट्टी तापली की रिले टक् वाजायचा आणि त्या आवाजावर पाव भाजणारे मिस्त्री ट्रे आत सरकवायचे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आज मिस्त्री दोन तास कान लावून बसले. तापमानाचा आकडा समोर होता, पण तो बघणं त्यांना कमीपणाचं वाटतं. पाव झालाच नाही. साहेबांनी आवाज समिती नेमली आहे. तिच्यातल्या एकालाही भट्टी कुठे आहे ते ठाऊक नाही. माझं धाबं दणाणलंय, काय करू ते कळवा.

हे वाचूनही लोभ उरला असल्यास तो राहू द्यावा.

तुमचा पुतण्या

६ जून

चि. फ्यूज यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी घरभर अंधार केलास तेव्हा ठेवलेलं नाव आज सार्थ झालं.

हलत नाही, बोलत नाही, बसल्या जागी तापतो आणि बंद असतानाही थोडं गळू देतो, असा माणूस आपल्याकडे साहेब होतो. तुम्ही त्याचा रिले केलात. शिवाय तो बिघडला की बहुधा चालूच अडकतो. मग भट्टी तापतच जाणार, त्याचं काय?

सोबत एक जुना रिले पाठवतोय. तो त्याच लाइनीत, नव्याच्या पुढे जोड. वीज बंद होताना आधी तुझा रिले सुटू दे, मग माझा. म्हणजे ठिणगी पडणार नाही आणि मिस्त्रींना टक् मिळेल. समितीला तो फक्त आवाजासाठी आहे असं सांग. सुरक्षेसाठी म्हणालास तर दुसरी समिती बसेल.

तब्येतीला आणि बोटांना जप.

तुझा काका

२८ जून

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

काल मिस्त्री ओरडत आले. टक् ऐवजी चर्र वाजलं म्हणाले. पॅनल उघडलं तर माझा रिले चालूच अडकून मेलेला, आणि तुमचा एकटा ठिणग्या खात भट्टीची वीज तोडत होता. तो नसता तर भट्टी पेटली असती. मी कायम झालो! आदेशात कारण दिलंय, आधुनिक तंत्रज्ञान. समितीनं तुमच्या रिलेसोबत फोटो काढून घेतला.

मला मात्र रडू आलं, काका. असाच लोभ ठेवा.

तुमचा फ्यूज

२ जुलै

चि. फ्यूज यास,
काकूचे आशीर्वाद.

हे सांगणार नाहीत म्हणून मी लिहिते. तो रिले आपल्या पाण्याच्या पंपाचा होता. आता टाकी भरली की हे दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरतात आणि हाताने पंप बंद करतात. रविवारी एक रिले घेऊन ये. मुका असला तरी चालेल, कारण पंप बंद केला की हे स्वतःच मोठ्यानं टक् म्हणतात.

तुझी काकू