त्याच्याकडची थंडी

११ जानेवारी

टाकीतल्या पाण्यात मीठ घालून झालं. पाठ कामातून गेली. मशीनवाले मिस्त्री म्हणाले, "मॅडम, एवढ्या मिठात बर्फ धरेल का?" म्हटलं, समुद्रात धरतोच की!

नवरा उत्तर ध्रुवाकडे, संशोधनासाठी मुद्दाम बर्फात अडकवून ठेवलेल्या बोटीवर. फोन लागत नाही. रोज तिथल्या थंडी-वाऱ्याचे आकडे पाठवतो, आणि मी इथे प्रयोगशाळेतल्या कोल्ड रूममध्ये तेवढीच थंडी, तेवढाच वारा लावते, टाकीत तिथल्यासारखाच बर्फ धरावा म्हणून. आमचा संसार सध्या एवढाच.

आजच्या आकड्यांखाली एक ओळ होती – "काल अस्वल दिसलं. तुझ्यासारखंच फुगलेलं होतं." दिवसभर हसू येत होतं.

१४ जानेवारी

बर्फ धरायला सुरुवात व्हावी म्हणून पाण्यावर बारीक फवारा मारला. पाण्यावर साय धरावी तसा पातळ बर्फ धरला. दाखवायला कोणी नव्हतं.

१८ जानेवारी

त्यांच्याकडे आज बर्फ फोडत सामानाची बोट पोचली. मी पाठवलेले मोजे मिळाले असतील.

२० जानेवारी

नुसतेच आकडे.

२३ जानेवारी

आजही नुसतेच. कामात असेल.

सासूबाईंचा फोन. "काही कळलं का गं त्याचं?" म्हटलं, बरा आहे, आज तिकडे उणे एकतीस आहे. त्या म्हणाल्या, "मी त्याचं विचारतेय, हवेचं नाही." मी विषय बदलला. जाताना दारात तो म्हणाला होता, "आल्यावर ठरवू, एकत्र राहायचं की नाही." हे त्यांना माहीत नाही. मी मात्र तेव्हापासून जीव मुठीत धरून बसलेय.

२९ जानेवारी

जेवणाचा डबा तसाच परत आणला. घरी तोच गरम करून खाल्ला. पंख्याचा वारा वाढवला, कारण त्याच्याकडे वादळ आहे. अंगात दोन कोट घालून त्या वाऱ्यात उगीचच उभी राहिले. मिस्त्रींनी काचेवर टकटक करून बाहेर काढलं. "आजारी पडायचंय का?"

४ फेब्रुवारी

माती केली सगळ्याची. टाकीच्या कडेची गरम तार चालू करायची राहिली. बर्फ भिंतींना चिकटला, खालच्या पाण्याला जागा उरली नाही, आणि ते फटीफटीतून वर आलं. सगळा थर चिखलासारखा झालाय. तार का राहिली? कारण मी त्याच्याकडून आलेली आकड्यांची फाईल शेवटपर्यंत चाळत बसले होते, एखादी ओळ सापडते का ते बघत. मिस्त्री फडकं घेऊन सांडलेलं पाणी पुसायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी

शेवटी मीच लिहिलं. "थर वाया गेला, चूक माझी. पुन्हा करायचंय, सुरुवातीपासूनचे तासातासाचे आकडे पाठव. आणि काय ठरवायचं ते ठरव, पण घरी ये. मला फार एकटं वाटतं." पाठवून टाकलं. लाज सोडली एकदाची.

७ फेब्रुवारी

बोटीवरून उत्तर आलं. अनोळखी माणसाचं.

"मॅडम, आकडे जोडले आहेत. सर सामानाच्या बोटीनेच परत गेले. तेव्हापासून मी पाठवतोय. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. माफ करा, मी सगळं वाचलं."

म्हणजे तो कधीचा जमिनीवर आहे. फोन लागतो तिथे.