एस.टी. आणि पाण्याची गोळी

सांगली, ता. ६ जानेवारी १९९७

ती. बाबांना, क्रांतीचा शि. सा. न. वि. वि.

डोळ्याच्या ऑपरेशनला तुम्ही दुसऱ्यांदा आलात आणि प्रेशर दोनशेला टेकलं म्हणून दुसऱ्यांदा परत गेलात. सुभेदार सुईला घाबरतात, असं इथली नर्स म्हणाली. मी तिच्याशी भांडले. साताऱ्यात एकशे चाळीस आणि सांगलीत दोनशे, हे गौडबंगाल काय आहे? मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, छडा लावल्याशिवाय राहणार नाही. गोळ्या रोज घेता ना? खरं कळवा.

आई, पत्र तूच वाचून दाखवतेस, म्हणून हे फक्त तुला. डावा डोळा गेलाच आहे, आता उजव्याला उशीर झाला तर तोही हातचा जाईल असं डॉक्टर म्हणाले. मला फार भीती वाटते गं. हे त्यांना वाचून दाखवू नकोस.

दोघांच्या मायेची,
क्रांती

सातारा, ता. १२ जानेवारी

चि. क्रांतीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आईला न दाखवता मीच लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, सांभाळून घे.

दिवाळीआधी डोळे तपासायला सांगलीला येताना पेठनाक्याच्या अलीकडे मला लघवीसाठी एस.टी. थांबवावी लागली होती. कंडक्टर म्हणाला, आवं सुभेदार, लवकर उरका. सगळी गाडी खिडकीतून बघत होती. ही करामत पाण्याच्या गोळीची, हे मला ठाऊक होतं. तेव्हापासून सांगलीला यायचं ठरलं की तीन दिवस आधी ती बंद करतो. पण प्रेशरच्या गोळ्यांच्या दोन पाकिटांतलं पाण्याचं कुठलं ते दिसत नाही आणि आईला विचारलं तर कारण सांगावं लागेल. म्हणून दोन्ही बंद. रागावू नकोस.

तुझा,
बाबा

सांगली, ता. १७ जानेवारी

ती. बाबांना सा. न.

सापडलं, बाबा, सापडलं! पत्र वाचून मी खोलीत नाचले आणि मग कपाळाला हात लावला.

आपल्या उसाची मोटर आठवा. पाइपात पाणी जास्त झालं किंवा पाइप चिमटला, तर दाब वाढतो. पाण्याची गोळी मूत्रपिंडाला जादा मीठ आणि पाणी बाहेर काढायला लावते, म्हणून रक्ताचा दाब उतरतो. दुसरी गोळी रक्तवाहिन्यांच्या आवळलेल्या भिंती सैल सोडते, रक्ताला वाट मोकळी होते. गोळ्या दुखणं कायमचं घालवत नाहीत, फक्त रोज धरून ठेवतात. तुम्ही तीन दिवस दोन्ही सोडल्या, आणि दाब चढला तो थेट डॉक्टरांच्या पुढ्यात.

आई, पाण्याची गोळी गोल डबीत ठेव आणि दुसरी चौकोनी डबीत, म्हणजे यांना हाताला कळेल. हो, आता तुला सगळं कळलं. फार हसू नकोस. डॉक्टरांना विचारलंय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी या, त्या दिवसाची पाण्याची गोळी खोलीवर पोचल्यावर घ्या, बाकी एकही चुकवू नका. १४ फेब्रुवारीची तारीख घेतलीय. ही चुकवायची नाही.

तुमची वाट बघणारी,
क्रांती

सातारा, ता. २ एप्रिल

चि. क्रांतीस उदंड आशीर्वाद.

काल चष्मा आला. पहिल्यांदा गोळीच्या पाकिटावरची बारीक तारीख वाचली. गोळी कधीपर्यंत चालेल ते आता मीच आईला सांगतो. ती म्हणते, लय शाणं झालंय. ऑपरेशनच्या सकाळी एकशे अडतीस भरलं तेव्हा तू त्या नर्सकडे कसं बघितलंस, ते आईनं घरी येऊन तीनदा करून दाखवलं. डब्या मात्र अजून तशाच ठेवल्यात, सवय झाली.

दुपारी आईच्या ट्रंकेतून तुझी सगळी पत्रं काढून वाचली. सहा जानेवारीच्या पत्रात शेवटी एक परिच्छेद आहे, तो मला कधी ऐकू आलाच नव्हता. दोनदा वाचला. मग पत्र होतं तसं ट्रंकेत ठेवलं.

पोरी, यापुढे भीती वाटली तर मलाच लिही. आता मला वाचता येतं.

तुझा,
बाबा