ताई, तू तापाने गेली नाहीस

प्रिय ताई,

माझा अर्धा ओठ बधिर आहे. बोलायला गेलं की शब्द कुठल्या कुठे घरंगळतात. आणि आईशी बोलणं तर सकाळपासून बंदच आहे. तू गेल्यापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय, आज म्हटलं कागदावरच भांडू या.

आज सकाळी मी दाढेत चांदी भरून आले. घाटकोपर स्टेशनजवळच्या त्याच डॉक्टरीणबाईंकडे, जिथे तुझ्यासोबत गेले होते. दाढेवर बारीकसा काळा ठिपका होता, दुखत नव्हता की खुपत नव्हता. पण उद्या मला बघायला बोरिवलीची मंडळी येणार आहेत. आईचं म्हणणं, ती येऊन जाऊ देत, मग काय ते कर. हे वाक्य आपल्या घरात आधी बोलून झालंय, ताई. ऐकणारी तू होतीस.

तुझा ठिपका वरच्या सुळ्यामागच्या दातावर होता. आठवतं ना? डॉक्टरीणबाईंनी छोट्या आरशात बघितलं आणि म्हणाल्या, लहानशी कीड आहे, आत्ता भरली तर एका बैठकीचं काम, थांबलात तर आत शिरेल. चांदी दिसेल का, असं तू विचारलंस. हसल्यावर थोडी दिसेल, असं त्या म्हणाल्या. तू तयार होतीस. नुसतं घरी विचारून येते म्हणालीस! अंधेरीच्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जायचीस, स्वतःच्या पगारावर होतीस, अख्ख्या चाळीला डोकेदुखीच्या गोळ्या वाटायचीस. आणि स्वतःच्या तोंडातल्या दातासाठी घरी विचारायला आलीस.

आई पोळ्या लाटत होती. तिने वरसुद्धा बघितलं नाही. "हसतलंस तेवा चांदी चमकतली. किडक्या दातांची मुलगी म्हणान नाय म्हणतले. लगीन होऊंदे, मगे चांदी काय, सोनां भर."

बाबा पेपरात डोकं खुपसून बसले होते. गिरणी बंद झाल्यापासून घरातल्या निर्णयांतूनही त्यांनी अंग काढून घेतलं होतं. तू मान डोलावलीस. मी बाजूला उभी होते, मी ओरडले, तर मलाच गप्प केलं सगळ्यांनी. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आधीपासूनच होती.

त्यानंतर आईने तुला ओठ मिटून हसायला शिकवलं. भिंतीवरच्या आरशापुढे उभं करून! बघायला येणारी माणसं हातात पेपर देऊन वाचायला सांगतात, म्हणून कसं वाचायचं तेही शिकवलं. वरचा ओठ फार उचलायचा नाही, मान जरा खाली. तुला हसू यायचं आणि आई चिडायची, की परत दात दिसले. तेव्हा मीसुद्धा हसायचे गं. आता तो प्रकार आठवला की अंगाचा तिळपापड होतो.

मुलुंडच्या मंडळींनी तुला पसंत केलं. मुलगी शांत आहे, फार फिदीफिदी हसत नाही, असं तुझ्या सासूबाई म्हणाल्या. आईला कोण आनंद झाला! परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखी ती शेजारीपाजारी सांगत सुटली.

लग्न झालं. आता तरी भरून घ्यायचीस ना? पण आता तू नवी सून होतीस. दात माहेरपासूनच किडका होता हे तिकडे कसं सांगायचं? आईनेच तुला बजावलं होतं, वर्षाचे सण होऊ देत, तोवर अवाक्षर काढू नकोस. मंगळागौर झाली, दिवाळसण झाला. भाऊजी तसे भले, पण प्रत्येक गोष्ट आईला विचारून करणारे. त्यांना सांगायचं म्हणजे सासूबाईंना सांगणंच होतं. तू लवंग दाताखाली धरून बसायचीस. तुझ्या साड्यांनासुद्धा लवंगेचा वास यायला लागला होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आले होते. काळी साडी, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या, कपाळावर बिंदी. साखरेने मढवलेली तू बायकांच्या मधोमध बसलेली, आणि उजवा गाल जरासा वर आलेला. स्वयंपाकघरात तू मला म्हणालीस की हल्ली एका बाजूनेच चावतेस, सवय झालीय. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल. "हळदीकुंकू तर होऊ दे, शैले. सगळ्यांसमोर तमाशा नको," असं म्हणून तू तिळगुळाचं ताट उचललंस आणि बाहेर गेलीस.

राग तुझाही येतो मला. का एवढी समजूतदार होतीस? सगळे तुझ्या समजूतदारपणाचं कौतुक करायचे, कारण त्यात सोय त्यांची होती. एकदा तरी ताट आपटायचंस. एकदा तरी म्हणायचंस, दुखतंय मला, मी चालले. कोणी तुला बांधून ठेवलं नव्हतं गं!

पाहुण्या बायका गेल्या आणि गाल सुजत गेला. सासूबाईंनी गरम मिठाने शेकलं. मग ताप भरला. सूज चढत डोळ्यापर्यंत आली, डोळा उघडेना, तेव्हा कुठे तुला हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत सांगितलं की दातातला पू वर मेंदूपर्यंत चढलाय, फार उशीर केलात. मी आईच्या शेजारीच उभी होते. तिने ते ऐकलंय. माझ्याइतकंच स्पष्ट ऐकलंय.

आणि तू गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत राहिली, ताप डोक्यात गेला. आधी वाटलं, धक्क्याने बोलतेय बिचारी. पण तेराव्यालाही तेच. सासूबाईंनीही लगेच मान हलवली, त्यांचीही सोय झाली. दोन्ही घरांनी मिळून तुझं मरणसुद्धा नीटनेटकं करून टाकलं. भाऊजींचं परत ठरतंय म्हणे. नव्या मुलीकडच्यांना पहिली तापाने गेली, असंच सांगितलं असणार.

आज मी तोंड सुन्न घेऊन घरी आले तेव्हा आई उद्याच्या पोह्यांसाठी खोबरं खवत होती. माझ्याकडे बघितल्याबरोबर तिला कळलं. मी म्हटलं, ताईलाही असंच थांबवलं होतंस. दातान कोण मरता काय गो, तिचा नशीबच तेवढा, असं ती म्हणाली. मी म्हटलं, हॉस्पिटलात काय सांगितलं ते मलाही माहीत आहे आणि तुलाही. ती हातातली नारळाची वाटी खाली ठेवून म्हणाली, "माका म्हायत आसा. एक गेली. तुझा तरी नीट होऊंदे म्हणान खोटां बोलतंय मी."

ती रडायला लागली, ताई. मला तिची दया आली. खूप आली. पण राग गेला नाही. तिला कळलेलं होतं, सगळं कळलेलं होतं, आणि तरीही माझ्या दाढेच्या बाबतीत ती शब्दन् शब्द तेच बोलली. एक मुलगी गमावूनही जी शहाणी होत नाही, तिला काय म्हणायचं, तूच सांग. तू असतीस तर म्हणाली असतीस, जाऊ दे गं, आई आहे ती. मी नाही म्हणत जाऊ दे.

बाबांचं म्हणणं आहे की मंडळी पाच वाजता येतील, म्हणजे टीव्हीवरचा सिनेमा सुरू व्हायच्या आत सगळं आटपेल. आटपू देत. मी तुझी मोरपंखी साडी नेसणार आहे. पेपर हातात दिला तर नीट तोंड उघडून, मोठ्याने वाचणार आहे.

ते विचारणारच, मोठी बहीण कशाने गेली. नेहमी विचारतात. आई "ताप" म्हणायच्या आत मी सांगेन की ती दाताने गेली, ठिपक्याएवढी कीड होती, आम्ही दोन घरांनी मिळून ती वाढू दिली. मग त्यांना पोहे अर्धे टाकून उठायचं तर उठोत. पुढचे येतील त्यांनाही हेच ऐकावं लागेल, आणि कोणीच आलं नाही तर मी आईच्याच घरात बसून तिला रोज तुझ्या मरणाचं खरं कारण सांगत राहीन. हा माझा शब्द, ताई.

तुझी तोंडाळ,
शैला