टांगून ठेवलेला घागरा

आई, तुझ्यावर चिडले आहे म्हणून लिहायला बसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता चिडून काही उपयोग नाही, पण तू कधी न पाहिलेल्या तुझ्या नातीचा घागरा उसवून उसवून माझी बोटं सोलून निघाली आहेत. रविवारी तिचा साखरपुडा. घागरा मी माझ्या हातांनी शिवणार, असं मीच सगळ्या नातेवाइकांत मिरवलं होतं. परवा पोरीने तो घातला, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हा घागरा आहे की सीट कव्हर?" वर समजूतही घातली, "शनिवारपर्यंत नाही जमलं तर मी विकतचा आणते हं. रागावू नकोस." मी रागावले नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

तिचं काही चुकलं नाही. चाकणच्या कंपनीत मी इतकी वर्षं गाड्यांच्या सीटची कव्हरंच शिवते आहे. तिथे शिवण म्हणजे जाड दोरा, घट्ट टीप, आणि शिवणीच्या दोन्ही अंगांनी वरून आणखी एकेक टीप. माणसं वर्षानुवर्षं त्यावर बसणार, उठणार, शिवण जागची हलता कामा नये. आमचा लाइन लीडर नव्या मुलींना माझं काम दाखवतो, "ताईंची शिवण बघा, ओढून बघा, उसवते का!" मला ते ऐकून आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. तोच हात घेऊन मी घागऱ्याच्या कळ्या, वर निमुळत्या नि खाली रुंद कापलेल्या पट्ट्या, एकमेकींना जोडल्या. कापड इतकं मऊ होतं, दुकानात हातावर घेतलं तेव्हा दोन्ही बाजूंनी कसं सुटून खाली पडत होतं. आणि कळ्या जोडल्यावर पाहते तर प्रत्येक शिवणीत काडी घातल्यासारखा घेर ताठ उभा. वाटलं, वरच्या जादा टिपांनी झालं असेल, म्हणून त्या सगळ्या काढल्या. तरी शिवणीपाशी कापड चुण्या घेऊन आखडलेलंच.

मग तू आठवलीस, आणि तिथूनच डोकं फिरलं. थेरगावची आपली खोली. बाबा पहिल्या शिफ्टला गेले की तू मशीन दाराशी उजेडात ओढतेस, तोंडात टाचण्या धरतेस आणि दुपारपर्यंत अवाक्षर बोलत नाहीस. स्वयंपाकघराच्या दारात खिळ्यांना लोकांचे घागरे, कळ्यांचे परकर टांगलेले असतात, खालची पट्टी अजून न दुमडलेले. पाणी प्यायला जायचं तर त्यांतून वाट काढावी लागते. एकदा तुझं काम हलकं व्हावं म्हणून मी त्यातला एक परकर काढला, त्याची खालची पट्टी दुमडून शिवून टाकली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. तू तो उलटासुलटा केलास, तोंडातल्या टाचण्या काढल्यास आणि म्हणालीस, "उसव."

"का पण?"

"आजून लोंबायचाय त्यो."

"म्हणजे काय?"

"हाताला कळंल तुझ्या. मला कशाला इचारती?"

संपली तुझी शिकवणी. हाताला कळलं, आई, पण ते कंपनीने शिकवलेलं. तू दोन वाक्यं जास्त बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? नळावर शेजारणींशी तर तासन्‌तास बोलायचीस.

विचारायला तू नाहीस, म्हणून आज सकाळी तुझा मोहरीच्या रंगाचा परकर कपाटातून काढला. माझ्या सातवीच्या गॅदरिंगला तू शिवला होतास तो. तुझ्या हातचं तेवढंच उरलंय माझ्याकडे. त्याची एक शिवण उसवली. कात्री लावताना तुझा इतका राग आला की रडूच फुटलं. आत काय होतं? एकच टीप, तीही इतकी सैल की दोरा ओढला तर सरसर निघून आला. शिवणीच्या आत सोडलेलं कापड बोटाच्या पेराहून कमी, इस्त्रीने दोन्ही बाजूंना निजवलेलं. मग डोक्यात उजेड पडला. कळीची कड तिरकी कापलेली असते आणि तिरकं कापड आपल्याच वजनाने लांबत जातं. शिवणीलाही त्याच्याबरोबर थोडं लांबता आलं पाहिजे. मी तिला जखडून टाकलं होतं. टांगून ठेवायचं तेही याचसाठी. काय लांबायचं ते लांबून झालं की मगच खालची कड सारखी करायची. एवढंच होतं. भाकरी भाजता भाजता सांगून झालं असतं.

बारीक सुई घातली, मशीनचा दोरा सैल केला आणि सगळ्या कळ्या पुन्हा जोडल्या. दुपारपासून घागरा बेडरूमच्या दारात टांगला आहे. घेर पडतोय, आई. शिवण कुठे आहे ते शोधावं लागतं. मगाशी पोरीने तो काढून कमरेशी धरला, एक गिरकी घेतली, आणि विकतच्या घागऱ्याचं नाव काढलं नाही. मी परत टांगायला लागले तशी म्हणाली, "अजून? किती दिवस टांगायचा असतो गं हा?"

मी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "ते हाताला कळतं," म्हटलं.

"तू कधी धड सांगत का नाहीस?" म्हणून ती तणतणत बाहेर गेली.

धड काय सांगणार? हा कागद टाचण्यांच्या डब्यात ठेवून देईन, तो काही तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून तुलाच सांगते. किती दिवस, ते मलाही माहीत नाही.