प्रोफेसर सुट्टीवर, मी जर्मनीच्या वाटेवर

२० ऑगस्ट
आजपासून पीएचडीचा शोध. फक्त जर्मनी. शैलश्रीचा फोन आला. ती माझी एमएस्सीची वर्गमैत्रीण, गुलबर्ग्यालाच पीएचडी करून आता तिथंच पोस्टडॉक करायलीय. म्हणाली, तुरीच्या मर रोगावर जागा निघालीय, अर्ज टाक की रे. तुरीसाठी आपलं मुडबी गाव कामून सोडू? तूर दारातच आहे. नम्रपणे नकार.

२१ ऑगस्ट
सकाळी जर्मन भाषा शिकणार होतो. लाईट नव्हती. दुपारी मोबाईलवरून प्रोफेसरांना ईमेल. सगळ्यांना एकच, वेळ वाचतो.

२२ ऑगस्ट
उत्तर आलं! प्रोफेसर वेबर कळवतात की ते महिनाअखेरपर्यंत सुट्टीवर आहेत. ओळखदेख नसताना माणूस आपली सुट्टी सांगतो, म्हणजे मला घरचाच समजायलाय. अप्पांना सांगितलं, जवळजवळ झालंय.

२५ ऑगस्ट
अप्पांनी 'जवळजवळ' गाळून गावभर सांगितलं. काल विहारात माझा सत्कार. नको म्हणणार होतो, पण शाल आणून झाली होती. जर्मनीतल्या थंडीवर बोललो. शेजारच्या चांगुणाकाकूंनी स्वेटर विणायला घेतलाय. बहीण पंचशीला म्हणाली, दादा, तो ऑटो-रिप्लाय हाय, मशीन पाठवतंय. लहान आहे. जर्मन मशीन उगीच कुणालाही लिहीत न्हाई.

३ सप्टेंबर
वेबर परतले. म्हणाले, तुम्ही ईमेलमध्ये 'प्रिय प्रोफेसर म्युलर' लिहिलंय, मी वेबर. आणि जागा नाही. शेवटी मात्र 'शुभेच्छा' आहे. दार पूर्ण बंद केलेलं नाही.

११ सप्टेंबर
सगळे विचारायलेत, कधी जायलास? व्हिसाचं चालू आहे म्हणतो. किराणा दुकानाला मागच्या गल्लीनं जातो. शैलश्रीला फोन केला. ती जागा अजून आहे का, एका मित्रासाठी विचारतोय. म्हणाली, त्या मित्राला सांग, उद्या शेवटची तारीख. अर्ज टाकला. निव्वळ सराव म्हणून.

२४ सप्टेंबर
मुलाखत. प्रोजेक्टचे प्रमुख तिप्पण्णा सर. त्यांनी विचारलं, मर रोगात झाड वाळतं कसं? मी जर्मनीतल्या संशोधनाचं वातावरण सांगितलं. सर खिडकीबाहेर बघायला लागले. मग सरांच्या शेजारी बसलेली शैलश्री म्हणाली, ते राहू दे, तुला स्वतःला काय शोधायचंय? हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं. मीही न्हाई. मग तोंडातून निघालं, आमच्या शेतात एक झाड वाळतं अन् त्याला खेटून असलेलं हिरवंगार राहतं, ते कामून? सर पुढं सरकून बसले. पाठ अवघडली असावी.

५ ऑक्टोबर
निवड झाली! पीएचडीला न्हाई, तिथं व्यंकट नावाचा मुलगा लागला. मी प्रोजेक्ट असिस्टंट. काम बघून पीएचडीचं पुढं ठरवतील. पहिलं काम, रोगट झाडं मुळासकट उपटून आणणं. जर्मनी तूर्त स्थगित, असं घरी जाहीर केलं. अप्पा खूश. म्हणाले, बरं झालं, दर शनिवारी घरी येशील.
हाताखाली शैलश्रीच्याच काम करायचंय. तिला मेसेज टाकला, आता तुला मॅडम म्हणायचं का? गंमत म्हणून.
उत्तर आलं, व्हय.