डोळ्यातलं पाणी आणि अर्धा कांदा

योआनिना, शनिवार

ती. पोलिक्सेनीताईच्या पायांवर (गुडघे दुखतात, म्हणून हलकेच) झिसिसचा नमस्कार.

तू, तुझ्या कोंबड्या आणि ती भांडकुदळ शेजारीण, सगळ्या खुशाल असाल असं धरून चालतो. मी मजेत. डावा डोळा तर इतका मजेत, की आगोरित्साच्या गालावरचा तीळ मला कैक वर्षांनी दिसला. तसं तिला बोललो (बायकोला असं बोलू नये) आणि दोन दिवस नुसती मसूर जेवलो.

झालं असं, की महिन्यापूर्वी चर्चच्या पायरीवर मी पाद्रीबाबांना सोडून खांबाला नमस्कार केला. आगोरित्साने धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वाल्सामाकी, वयाने आपल्या नातीएवढी, म्हणाली मोतीबिंदू आहे आणि काचबिंदूही, ऑपरेशन करू. वर म्हणाली, "आजोबा, परवानगी असेल तर तुमच्या डोळ्यातलं पाणी थोडं तपासायला घेऊ. कुणाचा काचबिंदू निमूट बसेल, कुणाचा भडकेल, हे त्या पाण्यातल्या खुणांवरून आधीच ओळखता येतं का, ते शोधतोय आम्ही."

सही ठोकली आणि घरी येऊन घाबरलो. आईला पुरलं तेव्हाही मी रडलो नाही, हे तू आजवर ऐकवतेस. ऐनवेळी पाणी आलंच नाही तर? म्हणून ऑपरेशनला जाताना खिशात अर्धा कांदा ठेवला.

नर्सने नाक मुरडलं, "डबा कुणी आणलाय?" मी कांदा काढून दाखवला. डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून हसली. "अहो, अश्रू नकोत! बुबुळाच्या आतल्या बाजूला पाणी असतं, त्यातला थेंब. तो मी काढते, तुम्ही फक्त गप्प पडा." (पडलो. गप्प राहिलो नाही.)

पट्टी सुटली तेव्हा खिडकीतून तळ्यातलं बेट लख्ख दिसलं. साऱ्या वॉर्डाला हाका मारून दाखवलं; त्यांना ते आधीपासूनच दिसत होतं म्हणे. मग डॉक्टरीणबाईला विचारलं, "माझ्या थेंबात काय निघालं?" ती म्हणाली, "अजून सांगता येत नाही, शेकडो जणांचे थेंब जमवायचेत. तोवर औषध चुकवायचं नाही, दर तीन महिन्यांनी यायचं."

तुझा,
झिसिस

ता. क. बाबा म्हातारपणी दारांवर आपटायचे आणि आपण त्यांच्या दारूला शिव्या घालायचो. डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. ती म्हणते, बहुधा काचबिंदूच असणार. तो घराण्यात उतरतो, भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं. ताई, मला ते ऐकून फार वाईट वाटलं.

ता. क. दुसरा. गुरुवारी दहा वाजता तुझं नाव लावलंय. तू लोकांना सांगतेस तेच वय लिहून दिलं, अडुसष्ट. माझं एकाहत्तर. म्हणजे कागदोपत्री आता मी थोरला. निमूट यायचं.